खेळाचा धंदा आणि खेळाचा धनी



मुंबईस १९९० साली एक कंपनी निघाली. यूटीव्ही सॉफ्टवेअर कम्युनिकेशन्स या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. हल्ली सॉफ्टवेअर हा शब्द कानी पडला की संगणकाच्या आज्ञावली, पुण्या-बंगळूरच्या काचेच्या इमारती आणि रात्री-अपरात्री अमेरिकेहून येणारे फोन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. या कंपनीच्या नावातले सॉफ्टवेअर तसले नव्हे. दूरदर्शनच्या धंद्यात एक सोयीची वाटणी रूढ होती. प्रक्षेपणाचे मनोरे, उपग्रह आणि घराघरांतील पेट्या हे हार्डवेअर. आणि त्या पेटीतून जे दिसावयाचे ते कार्यक्रम, त्या मालिका, हे सॉफ्टवेअर. आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर नाट्यगृह निराळे आणि त्यात होणारे नाटक निराळे. रॉनी स्क्रूवाला आणि त्यांचे सहकारी झरिना मेहता व देवेन खोटे यांनी धंदा आरंभिला तो नाटक पुरविण्याचा. १९९४ साली दूरदर्शनवर जी 'शांती' नावाची मालिका रोज दुपारी लागत असे, ती यांचीच. आपल्या देशातील पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचे नाव घेतात. पुष्कळ घरांतील दुपारची झोप त्या मालिकेने नाहीशी केली हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल.

ही कंपनी कोणत्याही मोठ्या उद्योगघराण्याची शाखा नव्हती. मालिकांमागून चित्रपट आले. 'रंग दे बसंती' हा २००६ सालचा चित्रपट तिच्या नावावर आहे. मुलांसाठी काढलेली 'हंगामा' ही वाहिनी त्याच साली तिने अमेरिकेतील डिस्ने कंपनीस विकली आणि डिस्नेने तिच्यात थोडा भागही घेतला. असा जम बसलेल्या या मंडळींनी २००७ साली व्हिडिओ गेमच्या धंद्यात पाऊल टाकले, आणि पाच वर्षांच्या आत तो धंदा त्यांच्या हातून निसटला. त्या पाच वर्षांची हकिकत मी आज सांगणार आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली आणि आता नंदुरबारास निवृत्त होऊन बसलो आहे. पडद्यावरचा एकही खेळ मी आजवर खेळलेलो नाही आणि या वयात खेळण्याचा विचारही नाही. मग ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, आमच्या जिल्ह्यातील मुले आता हे खेळ केवळ खेळत नाहीत. ते करावयास शिकतात. चित्रकलेत हात चांगला असलेला मुलगा पूर्वी चित्रकला शिक्षक होई किंवा दुकानांच्या पाट्या रंगवी. आता तो पुण्यास जाऊन संगणकावर राजवाडे आणि राक्षस रंगवितो. तेव्हा या धंद्यात पैसा कसा फिरतो आणि कामाचा धनी शेवटी कोण ठरतो, हे आईबापांना ठाऊक असणे बरे.

प्रथम मालिका आणि खेळ यांतील भेद पाहू; कारण यूटीव्हीच्या मंडळींची गाडी अडली ती येथेच, असे माझे मत आहे. दैनंदिन मालिकेचा भाग आज चित्रित झाला की थोड्याच दिवसांत तो दाखविला जातो. जाहिरातदार त्याचे पैसे देतो. एखादे पात्र लोकांना रुचले नाही तर लेखक त्यास परगावी पाठवितो, पाहिजे तर अपघातात मारतो आणि गाडी पुढे चालते. मालिका म्हणजे रोजचे दूध. नासले तर एका दिवसाचे नासते.

खेळाचे तसे नाही. मोठा खेळ तयार होण्यास तीन, चार, प्रसंगी सहासात वर्षे लागतात. एक गट आज्ञावली लिहितो, एक गट माणसे, घरे, झाडे घडवितो, कोणी आवाज देतो, कोणी संगीत. आणि एक गट केवळ दोष हुडकण्यासाठी तोच दरवाजा शंभर वेळा उघडून पाहतो. दरवाजा शंभराव्या वेळी अडला तरी खेळ अपुरा. या सर्व काळात दर महिन्याचे पगार द्यावे लागतात आणि उत्पन्न म्हणाल तर शून्य. अर्धी मालिका दाखविता येते. अर्धा खेळ कोणी विकत घेत नाही.

आमच्या नंदुरबारच्या माणसास हे समजावून सांगण्यास फार कष्ट पडत नाहीत. आमच्याकडे मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. व्यापारी ओली मिरची रोख पैशाने घेतो आणि गावाबाहेरच्या पथारीवर वाळत टाकतो. लाल गालिचा अंथरावा तशी ती मैलभर पसरलेली दिसते. तेवढ्या दिवसांत मजुरी चालूच असते, हाती मात्र काही येत नाही; आणि मध्येच अवकाळी पावसाची एक सर आली की घातलेले पैसे मिरचीबरोबर कुजतात. खेळ करणाराचे भांडवल असेच पथारीवर पडलेले असते. फरक इतकाच की आमची पथारी काही आठवड्यांची, त्याची काही वर्षांची.

आता २००७ साली काय घडले ते पाहा. यूटीव्हीने खेळ करण्याचा कारखाना स्वतः उभारला नाही; चालते कारखाने विकत घेतले. पहिला मुंबईचाच. विशाल गोंडल नावाच्या तरुणाने वयाच्या सोळाव्या वर्षी फॅक्ट इन्फोसिस ही सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी काढली होती. हे सॉफ्टवेअर मात्र संगणकाचे. १९९९ साली कारगिलच्या युद्धाने सारा देश हललेला असता त्या युद्धावर एक छोटा खेळ त्यांनी इंटरनेटवर आणला. आणि त्याच साली इंडियागेम्स ही खेळांची कंपनी उभी राहिली. संगणकाचे काम करणारी मंडळी खेळाकडे वळली ती अशी. भारतात खेळण्याची यंत्रे त्या काळी फारच थोड्या घरांत होती. मोबाइल मात्र झपाट्याने पसरत होता. म्हणून इंडियागेम्सने बोटभर पडद्यावर चालतील असे खेळ करण्यावर भर दिला.

येथे एक गोम होती. ते खेळ विकत घ्यावयाचे ते मोबाइल कंपनीच्या मार्फत. पैसे कापले जात तिच्या हिशेबातून आणि त्यांतील मोठा वाटा राहत असे तिच्याचकडे. खेळ कोणी केला हे घेणाराच्या गावीही नसे. दुकान दुसऱ्याचे, गल्ला दुसऱ्याचा आणि माल तेवढा आपला, असा तो व्यवहार. २००५ साली बीजिंगच्या टॉम ऑनलाइन या कंपनीने इंडियागेम्सचा शेकडा ७६ भाग विकत घेतला. दोनच वर्षांनी यूटीव्हीने बहुतांश मालकी आपल्याकडे घेतली. म्हणजे आठ वर्षांत कंपनीचा धनी दोनदा बदलला. त्यानंतर जुलै २००८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपले खेळांचे व उपकरणांचे दुकान आयफोनवर उघडले आणि किमतीतील शेकडा ७० भाग करणाराला देण्याची रीत घातली. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणूस आपला माल थेट मांडू लागला आणि मोबाइल कंपन्यांच्या दुकानांची सद्दी ओसरू लागली. यूटीव्हीने घर घेतले आणि थोड्याच दिवसांत त्या घरापुढचा रस्ता दुसरीकडून गेला, असे म्हणावे लागेल.

दुसरी खरेदी इंग्लंडातील. इग्निशन एंटरटेनमेंट या कंपनीचा ७० टक्के भाग यूटीव्हीने त्याच साली घेतला. २००८ साली अमेरिकेतील ट्रू गेम्स नावाची तिसरी कंपनीही पदरात पडली. एका वर्षाच्या अवधीत मुंबईची मालिका करणारी कंपनी तीन खंडांतील खेळांच्या कारखान्यांची मालक झाली. वर्तमानपत्रांना ते फार रुचले. भारतीय कंपनी विलायतेतील कंपनी विकत घेते यात एक सुखावणारी गोष्ट होती, आणि मी ती नाकारीत नाही.

परंतु लंडनच्या शाखेत एक मोठा खेळ वर्षानुवर्षे शिजत होता. पैसे जात होते आणि खेळ पुरा होत नव्हता. शेवटी २०१० साली तो बाजारात न येताच सोडून द्यावा लागला. पथारीवर पाऊस आला तो असा. रॉनी स्क्रूवाला यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'ड्रीम विथ युअर आइज ओपन' या पुस्तकात आपल्या अपयशांनाही जागा दिली आहे. आपल्याकडील उद्योगपतींच्या आत्मचरित्रांत ही गोष्ट विरळा. मी त्यांस दोष देण्यास बसलो नाही. कारखाना विकत मिळतो. कारागिराच्या डोक्यात चाललेले काम केव्हा पिकेल हे कळण्याची नजर मात्र व्यवहाराच्या कागदावर हस्तांतरित होत नाही.

इग्निशनची आणखी एक शाखा टोकियो येथे होती. तेथे ताकेयासु सावाकी नावाचे एक चित्रकार-दिग्दर्शक 'एल शदाई' नावाच्या खेळावर काम करीत होते. या खेळाचा आधार मोठा विलक्षण आहे. ज्यूंच्या प्राचीन वाङ्मयात हनोखाचा ग्रंथ म्हणून एक ग्रंथ आहे. ख्रिस्ती लोकांच्या बहुतेक बायबलांत त्यास स्थान नाही. स्वर्गातून पृथ्वीवर उतरून भ्रष्ट झालेले देवदूत आणि त्यांस परत आणावयास निघालेला हनोख, अशी ती कथा. सावाकी यांनी ती जलरंगांत बुचकळून काढावी तशी पडद्यावर आणली. २०११ साली खेळ प्रसिद्ध झाला. जाणत्यांनी त्याच्या रूपाची फार तारीफ केली. खपाच्या बाबतीत मात्र तो कोणास तारण्याइतका ठरला नाही. खेळ आला आणि टोकियोतील मंडळी पांगली.

मुंबईच्या पैशावर, जपानी कलावंताच्या हातून, ज्यूंच्या पुराणकथेवर झालेला हा खेळ आपल्याकडे फारशा कोणास ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. पण खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. सावाकी यांनी २०१३ साली क्रिम नावाची आपली लहानशी कंपनी काढली आणि 'एल शदाई'चे हक्क विकत घेतले. आपल्याच हाताने घडविलेला दागिना सोनाराने सावकाराकडून पैसे मोजून सोडवून आणावा, तसा हा प्रकार. पुढे २०२१ साली तो खेळ त्यांनी संगणकासाठी पुन्हा बाजारात आणला, आणि या वेळी धनी ते स्वतः होते.

इकडे मुंबईत डिस्नेचा भाग वाढत गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये यूटीव्हीचा ताबा पूर्णपणे डिस्नेकडे गेला आणि कंपनीचे नाव शेअरबाजाराच्या यादीवरून उतरले. इंडियागेम्सही त्याबरोबर डिस्नेच्या पोटात गेली. बारातेरा वर्षांत मुंबई, बीजिंग, पुन्हा मुंबई आणि शेवटी अमेरिका, असा त्या नावाचा प्रवास झाला. गोंडल यांनी पुढे आरोग्यविषयक दुसरी कंपनी काढली. स्क्रूवाला यांनी शिक्षणाच्या धंद्यात आणि रायगड जिल्ह्यातील खेड्यांच्या कामात लक्ष घातले. माणसे हुशार, त्यांचे कोठेच अडले नाही. अडते ते खाली बसून काम करणाराचे.

मराठी माणसास ही हकिकत नवी वाटू नये. किर्लोस्कर नाटक मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा प्रश्न हाच होता की रंगभूमीवर उभा राहणारा नोकर की भागीदार? १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्या भागीदारांत दिग्दर्शक शांताराम, यंत्रांत रमणारे दामले, चित्रकार फत्तेलाल आणि छायाचित्रकार धायबर हे होते. पैशाची बाजू कुलकर्ण्यांकडे. म्हणजे पाचांपैकी चार कारागीर. 'संत तुकाराम' जगापुढे गेला तो या घरातून. भागीदार फुटले, कंपनी १९५३ साली बंद झाली हे खरे. कारागिरांची मालकी म्हणजे भांडणे नाहीत असे मी म्हणत नाही. नाटक मंडळ्यांच्या कर्जाच्या कथा तर सर्वांस पाठ आहेत. तरीही 'संत तुकाराम' कोणी केला असे विचारले तर दामले आणि फत्तेलाल ही नावे आजही पुढे येतात. धनको कोण होते हे कोणी विचारीत नाही.

जपानातील एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. १९७८ साली योइचि एरिकावा आणि त्यांच्या पत्नी केइको यांनी कोएइ नावाची कंपनी काढली. धंदा रंगद्रव्यांचा, आणि तोही मंदीतला. पत्नीने पतीस वाढदिवसानिमित्त एक संगणक भेट दिला. पतिराजांनी त्यावर प्रथम हिशेबाची व धंद्याची सॉफ्टवेअरे केली आणि हौसेपोटी जपानच्या इतिहासातील एका लढाईवर खेळ केला. तो १९८१ साली विकावयास काढला. दोन वर्षांनी नोबुनागा या सरदाराच्या महत्त्वाकांक्षेवरचा खेळ आला. शिवकालावर आपल्याकडे कोणी असा खेळ करील तर काय बहार होईल, असे मला वाटून गेले. केइको यांनी १९९४ साली मुलींसाठी म्हणून 'अँजेलिक' हा खेळ करविला, करणाऱ्याही स्त्रियाच. २००९ साली टेक्मो या दुसऱ्या कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली. परंतु रंगविक्यांचे हे जोडपे चाळीस वर्षांहून अधिक काळ आपल्या धंद्याच्या गादीवर राहिले. हिशेबाचे सॉफ्टवेअर हा त्यांचा ज्वारीचा पेरा होता आणि खेळ ही कपाशी. ज्वारीने घर चालविले, म्हणून कपाशीची जोखीम पत्करता आली.

आता पुण्याकडे वळू. कारण आमच्या जिल्ह्यातील मुले जातात ती पुण्यास. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची शाखा तेथे २००८ पासून आहे. तेथील काम मोठे कुशलतेचे. परंतु त्याची जात बहुधा मालेगावच्या मागवाल्याची. सूत व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याची, कापडही व्यापाऱ्याचेच, मागवाल्यास मजुरी. २०२० साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम पुणे व मुंबई येथील शाखांकडे असल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडील तरुणांना केवढा आनंद झाला होता! मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे देण्यात आले. पुण्यातील मुलांनी काय कमी केले असेल नसेल. निर्णय मात्र पुण्यात झाला नाही, एवढे उघड आहे.

त्याच पुण्यात २०१७ साली नॉडिंग हेड्स गेम्स ही लहान मंडळी निघाली. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. दुसऱ्यांची कामे करून हात तयार झालेले हे लोक. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ करावयास घेतला. राजी ही एक गरीब डोंबाऱ्याची मुलगी. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास ती निघते. राजस्थानी किल्ले, पहाडी शैलीची चित्रे, आणि कथा सांगावयास चामड्याच्या छायाबाहुल्या. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ठरलेला आकडा गाठला गेला नाही आणि त्या रिवाजाप्रमाणे एक पैसाही हाती आला नाही. मंडळी मोडली नाही. पुढे एपिक या अमेरिकन कंपनीने अनुदान दिले, आणि ते अनुदान मालकी न मागता दिले हे विशेष. ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' प्रसिद्ध झाला. त्या वर्षी अमेरिकेतील मोठ्या पारितोषिक समारंभात पदार्पणाच्या उत्तम स्वतंत्र खेळांसाठी ज्या पाचांची निवड झाली, त्यांत त्याचे नाव होते. पारितोषिक दुसऱ्यास मिळाले. परंतु तिकडच्या मुलामुलींनी दुर्गा आणि विष्णू यांची नावे एका पुणेरी खेळातून प्रथम ऐकली, ही गोष्ट मला पारितोषिकाहून लहान वाटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला घरी बोलावून नेले. त्यांच्या मुलीस पुण्यातील एका खेळांच्या कंपनीत चित्रकार म्हणून जागा मिळाली होती आणि वडील ऐकावयास तयार नव्हते. "गुरुजी, तुम्हीच समजवा हिला," ते म्हणाले. "गेम गेम म्हणतात तो जुगार. आमच्या नात्यातला एक मुलगा रमीपायी कर्जात बुडाला. त्या धंद्याचा पगार मला घरात नको."

त्यांची भीती अस्थानी नव्हती. त्यांचा घोटाळा झाला तो शब्दाने. पैसे लावून खेळावयाच्या पत्त्यांच्या खेळांनी आणि हातपाय राबवून केलेल्या कलाकृतींनी आपल्याकडे एकच नाव वाटून घेतले आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा केला, त्यात या दोहोंत रेघ ओढली आहे. पैसे लावण्याचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती या दोन्हींना बंदी. ज्यांत पैज नाही अशा खेळांना मात्र उत्तेजन. मी त्यांना एवढेच विचारले की, ताशपत्त्यांवर चित्र काढणारा गंजिफाकार सावंतवाडीस आहे, त्यास तुम्ही जुगारी म्हणाल काय? ते काही बोलले नाहीत. चहा मात्र आणविला.

मग मुलीने नेमणुकीचा करार पुढे ठेवला. इंग्रजी माझे बेताचे. ती वाचीत गेली आणि मी मराठीत अर्थ विचारीत गेलो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा असा आहे की, नोकरीच्या कामात नोकराने जे निर्माण केले त्याचा पहिला मालक, निराळा करार नसेल तर, नोकरी देणारा. ती कंपनीत बसून जे काढील ते कंपनीचे, यात तक्रारीस जागा नाही. मागवाल्याने मजुरी घेतली, कापड व्यापाऱ्याचे. परंतु त्या करारात आणखी एक ओळ होती. नोकरीत असेतोवर घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या कागदावर काढलेले चित्रही कंपनीचे. ही ओळ मला रुचली नाही. वडिलांनाही रुचली नाही, आणि त्या सायंकाळी बापलेकींचे एकमत झाले ते या एकाच गोष्टीवर.

त्याच कायद्यात ५७ वे कलम आहे, ते पालकांनी जरूर ध्यानात ठेवावे. मालकी विकली गेली तरी 'हे मी केले' असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क त्याने सांभाळून ठेवला आहे. खेळ संपल्यावर पडद्यावर नावांची लांब यादी वर सरकत जाते. मुले ती न पाहता यंत्र बंद करतात. त्या यादीत आपले नाव येणार की नाही हे करार करतानाच विचारून घ्यावे. मागाहून विचारणाराचे काम संपलेले असते.

मुलीने कंपनीस पत्र लिहिले आणि घरच्या चित्रांसंबंधीची ती ओळ काढून टाकण्याची विनंती केली. पत्राचा मसुदा तिचा, दोन शब्द माझे. आठ-दहा दिवसांनी सुधारलेला करार आला. ती ओळ त्यातून गेली होती. वडिलांनी स्वतः जाऊन तिला रेल्वेत बसवून दिले.

दिवसा ती कोण्या परदेशी खेळासाठी बर्फातली घरे रंगविते. आमच्याकडे बर्फ तिने कधी पाहिलेले नाही. यंदा सुटी काढून ती अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीस गेली होती. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढून नाचणारे बुध्या तिने वहीभर उतरवून आणले. त्यांचा पुढेमागे खेळ करावयाचा, आपण आणि दोन मैत्रिणी मिळून, असे ती म्हणते. पैसे कोठून आणणार, असे मी विचारले. तेव्हा ती म्हणाली, "पगारातून, गुरुजी. वेळ लागेल."